वाचकांचे प्रश्न : पक्षी-अभयारण्य लोकांसाठी उघडताना

जुना तलाव, बंद पडलेली खाण, सगळ्यांच्या मालकीचा पण कुणाच्याच लक्षात नसलेला माळ. अशा जागा लोकांनी मिळून राखायच्या, तिथे पक्ष्यांना निवांतपणा द्यायचा आणि मग त्या सगळ्यांसाठी खुल्या करायच्या, याविषयी गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं उद्घाटनाबद्दल आहेत, त्याहून जास्त ‘सगळं केलं, पण पक्षी येत नाहीत’ अशा तक्रारीची. ‘अभयारण्य’ या शब्दाला प्रत्येक देशात कायद्याने ठरलेला वेगळा अर्थ असतो. इथे तो रोजच्या बोलण्यातल्या अर्थानेच वापरला आहे.

प्रश्न : उद्घाटनाला पिंजऱ्यातले पक्षी सोडणं, फुगे, 500 रोपांची लागवड आणि त्यानंतर सगळ्यांना एक फेरी, असा बेत समितीने ठरवला आहे. यात काही सुधारणा सुचवाल का?

उत्तर : सुधारणा म्हणजे बराचसा बेत खोडावाच लागेल, राग मानू नका.

तारखेपासून पाहू. ती पाहुण्यांच्या सोयीने न ठरवता तुमच्या पक्षीनोंदींच्या वहीवरून ठरवा. उष्ण प्रदेशात बगळे, करकोचे, पाणकावळे बहुधा पावसाबरोबर घरटी बांधतात, तर टिटवी आणि चिखल्या कोरड्या दिवसांत उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. शंभर माणसं शेजारून गेली की टिटवी अंड्यांवरून उठते, घिरट्या घालत ओरडत राहते, आणि रणरणत्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात निकामी होतात. दोन्ही विणींच्या मधला काळ शोधा.

पिंजऱ्यातले पक्षी सोडणं साफ रद्द करा. महिनोन्‌महिने पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांचे स्नायू दुबळे झालेले असतात, अन्न कसं शोधायचं हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो बाजारातले आजार घेऊन तुमच्या रानपाखरांत मिसळतो. शिवाय सोडण्यासाठी पक्षी हवेत म्हटलं की ते कुणीतरी पकडून आणतं. फुग्यांच्या रिबिनी आठवड्याभरात घरट्यांत आणि पायांत गुंतलेल्या दिसतील.

रोपांचा हिशोब मांडून पाहा. दर रोपाला एका वेळी दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे 500 रोपांना आठवड्याला 10,000 लिटर पाणी. ते कोण आणणार, हे ठरल्याशिवाय खड्डे घेऊ नका. एक रोप समारंभाला लावा, बाकीची पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात.

फेरी मात्र जरूर ठेवा. सूर्योदयापासून तीन तास, दहा-बारा जणांचा गट, प्रत्येक गटाबरोबर वाट माहीत असलेला एक माणूस आणि दोन गटांत किमान वीस मिनिटांचं अंतर. लाऊडस्पीकर नको. ज्यांना भाषण करायचंच आहे त्यांनी ते फाटकाबाहेर, वाहनं लावतात तिथे करावं. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर जागा बंद ठेवली तर उत्तम. बिचकलेले पक्षी तेवढ्यात परततात.

प्रश्न : आमचं तळं तीन मीटर खोल आहे, काठ दगडी पिचिंगचे (दगड बसवून बांधलेले), उभे. वर्षभर पाणी असतं. तरी पाणकावळे आणि एखादी टिबुकली सोडली तर काही नाही. बदकं, शेकाट्या, तुताऱ्या का उतरत नाहीत?

उत्तर : कारण त्यांना उभं राहायला जागाच नाही. पाणी भरपूर आहे, काठ नाही.

पाणपक्ष्यांची वाटणी पायांच्या आणि मानेच्या लांबीवर ठरते. छोट्या तुताऱ्या आणि चिखल्यांना ओला चिखल किंवा फार तर 5 सें.मी. पाणी लागतं. शेकाट्याला 10 ते 20 सें.मी. चालतं. थापट्या, तलवार बदक यांसारखी बुडी न मारणारी बदकं शेपूट वर करून मान खाली घालतात, त्यांची पोच 25-30 सें.मी.पर्यंत. त्यापलीकडचं पाणी बुडी मारणाऱ्यांचं, म्हणजे तुमच्या पाणकावळ्याचं आणि टिबुकलीचं. तुमचं तळं त्यांच्यासाठीच बांधल्यासारखं झालं आहे.

आता उताराचं गणित. काठ 1:1 असेल, म्हणजे एक मीटर पुढे गेलं की एक मीटर खोल, तर 30 सें.मी.पर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टाही 30 सें.मी. रुंदच राहतो. 1:10 केला तर तो तीन मीटर होतो, 1:30 केला तर नऊ मीटर. संपूर्ण तळं बुजवायची गरज नाही. खोल भाग मासे तगायला आणि कोरड्या वर्षी उपयोगी पडायला हवाच. माणसांची वाट जिथे नाही अशी एकच बाजू निवडा, तिथलं पिचिंग काढा आणि भराव टाकून उतार लांबवा. काठरेषा सरळ न ठेवता आत-बाहेर वळणं द्या. एकमेकांना न दिसणाऱ्या दोन खाचांत दोन जोड्या घरटी करतात, सरळ काठावर एकच जोडी सगळ्यांना हाकलते.

बेट करणार असाल तर एक चूक सर्रास होते. कुत्रा पोहतो, त्यामुळे बेट सुरक्षित राहतं ते काठापासूनच्या अंतरामुळे. पण मधला पट्टा मीटरभर खोल ठेवला नाही तर ऐन गरमीत तो सुकतो आणि बेट जमिनीला जोडलं जातं. नेमकी तेव्हाच त्यावर अंडी असतात. बेटाचा माथा भरलेल्या पाण्याच्या वर हातभर, वरच्या अंगाला बारीक खडी, आणि कडा इतक्या उतरत्या की ओलं पिल्लू चालत वर येईल. माथ्यावर झाडं लावू नका. सुरय, टिटवी, शेकाट्या यांना चारही बाजूंचं दिसायला हवं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याची पातळी हातात असणं. त्यासाठी महागडं गेट लागत नाही. बांधातून जाणाऱ्या निचऱ्याच्या पाईपला आतल्या तोंडाशी एल्बो (काटकोनी जोड) बसवा आणि त्यावर एक उभा पाईप. एल्बो चिकटवायचा नाही. रबरी रिंगवर, हाताने फिरेल असा ठेवायचा. पाईप उभा असेल तर पाणी त्याच्या तोंडापर्यंत साठतं. तो कलवला की तोंड खाली येतं आणि पाणी तेवढंच उतरतं. 60 सें.मी.चा पाईप उभ्यापासून 60 अंश कलवला की तोंड बरोबर निम्म्यावर, 30 सें.मी.वर येतं. बिघाड ठरलेले आहेत. रिंग सुकून चिकटते, म्हणून महिन्यातून एकदा ग्रीस लावून एल्बो थोडा हलवायचा. पानं अडकतात, म्हणून तोंडाला जाळीची टोपली. कुणीतरी गंमत म्हणून पाईप आडवा करतं आणि रात्रीत तळं रिकामं होतं, म्हणून साखळी आणि कुलूप. आणि पाईपच्या बाहेरच्या अंगाने झिरपून बांध पोखरला जातो. तिथे चिकणमाती थराथराने कुटून बसवली नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

पातळी हातात आली की स्थलांतरित पक्षी यायच्या सुमाराला पाणी हळूहळू उतरवत न्या. 1:30 उताराच्या काठावर आठवड्याला 5 सें.मी. पाणी उतरलं तर दीड मीटर ताजी चिखलपट्टी उघडी पडते, आणि त्यातल्या अळ्या-गांडुळं पक्ष्यांना हप्त्याहप्त्याने मिळत राहतात. एकदम उपसा केला तर चार दिवस जत्रा आणि मग भेगाळलेली जमीन. कडक उन्हात नुसत्या बाष्पीभवनानेच दिवसाला 5 मि.मी.च्या आसपास पाणी जातं, तेही हिशोबात धरा.

इंग्लंडमधल्या मिन्समियरचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. 1940 साली शत्रू उतरू नये म्हणून तिथली सखल कुरणं मुद्दाम पाण्याखाली घातली गेली. 1947 मध्ये त्या उथळ पाण्यावर उचाट्या (वर वळलेल्या चोचीचा, काळा-पांढरा) वीण करू लागला. त्याआधी शंभरेक वर्षं तो त्या देशात नियमित वीण करत नव्हता. पुढे 1960 च्या दशकात तिथे उथळ पाणी आणि खडीची बेटं मुद्दाम खणून तयार केली गेली. लंडनमध्येही काँक्रीटच्या चार जुन्या जलाशयांची पाणथळ जागा करून ती 2000 साली लोकांसाठी उघडली. उभे काठ हा काही जन्मभराचा शाप नव्हे.

प्रश्न : सकाळी चालायला येणाऱ्यांची मागणी आहे की तळ्याभोवती पूर्ण फेरी मारता येईल अशी वाट हवी. पक्षीनिरीक्षणासाठी हाईडही (पक्ष्यांना न दिसता आतून पाहायची खोली) बांधायचं आहे. मापं सांगाल का?

उत्तर : पूर्ण फेरी देऊ नका. तळं 200 मीटर रुंद असेल आणि वाट सगळीकडून असेल तर त्याचा मध्यबिंदूसुद्धा माणसापासून शंभर मीटरच्या आत येतो. पक्ष्याला पाठ फिरवायला बाजूच उरत नाही. वाट फार तर एका अंगाने, नालेच्या आकाराची. निम्मी जागा तरी अशी हवी की तिथे देखभालीसाठी जाणाऱ्यांशिवाय कुणीच जात नाही. ही अट नकाशावर नको, जमिनीवर हवी. काटेरी झुडपांची रांग किंवा पाण्याचा चर फलकापेक्षा जास्त ऐकला जातो.

वाट किती लांबून न्यायची हे पुस्तकी आकड्यावरून ठरवू नका, मोजा. निवांत चरत असलेल्या पक्ष्याकडे एकट्याने सावकाश सरळ चालत जा. तो खाणं थांबवून मान ताठ करेल, तिथे एक खडा टाका. तो चालत दूर सरकेल, तिथे दुसरा. उडेल, तिथे तिसरा. पहिल्या खड्यापासून पक्षी होता त्या जागेपर्यंतचं अंतर ही तुमची खरी मर्यादा, कारण उडाला नाही म्हणजे त्रास झाला नाही असं नसतं. वेगवेगळ्या जातींवर दहा-बारा वेळा करा आणि सर्वांत मोठं अंतर धरा. विणीच्या काळात हा प्रयोग करू नका.

हाईडची मापं. बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 115 ते 120 सें.मी.वर असतात, तेव्हा झरोक्याचा मध्य तिथे आणि उंची 20-25 सें.मी. पुरे. एक झरोका 85 पासून 120 सें.मी.पर्यंत उंच ठेवा आणि त्याखाली बाक ठेवू नका. मुलं आणि चाकाची खुर्ची दोघांचीही सोय होते. वाट 1.8 मीटर रुंद असली तर दोन खुर्च्या समोरासमोर पार होतात. चढ 1:20 पेक्षा जास्त नको.

मापांपेक्षा हाईड फसतं ते उजेडामुळे. मागच्या भिंतीला खिडकी असेल किंवा दार सरळ झरोक्यासमोर असेल तर आत हलणारा प्रत्येक माणूस पक्ष्यांना काळ्या आकृतीसारखा स्पष्ट दिसतो. मागची भिंत बंद, आतून गडद आणि चकाकी नसलेला रंग, दार बाजूला आणि आत येताना एक वळण. उत्तर गोलार्धात झरोके उत्तरेकडे असले तर दिवसभर ऊन पाठीशी राहतं. पूर्वेकडे ठेवले तर सकाळी, म्हणजे नेमक्या कामाच्या वेळी, डोळ्यांत ऊन आणि पाण्याची चकाकी. लाकडी फळ्यांची जमीन ढोलासारखी वाजते, साधी मातीची चांगली. हाईडपर्यंत येणारी शेवटची वीस-तीस मीटर वाट दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच आडोशाने झाका, नाहीतर तुम्ही आत पोचेपर्यंत पाहण्यासारखं काही उरत नाही. काच लावू नका. इमारतीला ती असेलच तर बाहेरच्या बाजूने ठिपक्यांची नक्षी करा, ठिपक्यांत 5 सें.मी.पेक्षा जास्त अंतर नको. ससाण्याच्या चित्राचा एक स्टिकर चिकटवून काही होत नाही. पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात.

आणि कोपऱ्यांत गांधीलमाशांचं पोळं झालं आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहा. पर्यटकांनी पाहण्याआधी.

प्रश्न : कुत्रा साखळीला बांधून आणू दिला तर चालेल ना?

उत्तर : नाही. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात साखळीतले कुत्रे फिरवलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसल्या, आणि जिथे कुत्री नेहमीच येतात अशा ठिकाणीही परिणाम तोच. पक्षी ‘सरावतात’ हा समज त्यामुळे टिकत नाही. अंध व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांचा अपवाद ठेवा. फाटकाबाहेर सावलीत कुत्री बांधायची सोय केली तर भांडणंही कमी होतात.

प्रश्न : जागेचा अर्धा भाग घाणेरीने भरला आहे, तळ्याच्या एका टोकाला जलपर्णी. उघडण्याआधी सगळं एकदम साफ करावं का?

उत्तर : घाणेरी एकदम काढू नका, जलपर्णी एकदमच काढा.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. वरून छाटली की बुंध्यापासून दुप्पट फुटते. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेली पद्धत अशी : झुडूप वरून न तोडता, कुदळीने बुंध्याभोवतीची माती सैल करून जमिनीखाली तीन ते पाच सें.मी.वर मूळ तोडायचं. नवे फुटवे येतात तो भाग वरच निघून येतो. मग अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून तिथेच वाळू द्यायचं, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. फळं धरायच्या आधी हे काम उरकावं. अर्धं काम इथे संपतं. उरलेलं पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत. बुलबुल ज्या फांद्यांवर बसतात त्यांच्याखाली त्यांच्या विष्ठेतून पडलेली रोपं दाट उगवतात. तिथे आधी पाहा, बोटभर असतानाच हाताने उपटता येतात. आणि पट्ट्यापट्ट्याने जा. नावडती असली तरी त्या जाळीत सातभाई, बुलबुल घरटी करतात. पहिल्या पट्ट्यात देशी झुडपं कमरेपर्यंत आली की दुसरा पट्टा घ्या.

जलपर्णीचं उलट. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणजे निम्मी काढून महिनाभर थांबलात तर जिथे होतात त्याच्याही पुढे गेलेली असते. तरंगत्या दोराने किंवा बांबूंच्या ओळीने ती एका कोपऱ्यात कोंडा आणि फुलण्याआधी मुळासकट ओढून काढा. ढीग काठापासून लांब घाला, पहिल्या पावसात परत पाण्यात वाहून येणार नाही इतका. बिया चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे दर महिन्याची एक चक्कर कायमची. आणि वरून सांडपाणी येत असेल तर आधी ते थांबवा. जलपर्णी त्याच्यावरच पोसते.

पाणकणीस पूर्ण काढू नका, त्यात पाणकोंबड्या आणि वंचक लपतात. पसरू लागलं तर कोयत्याने पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा. वाळक्या दांड्यांतून मुळांना हवा पोचते; तोंडं पाण्याखाली गेली की ती मुळं गुदमरून कुजतात. पाण्याच्या वर कापलं तर उपयोग नाही.

प्रश्न : मोकळ्या गवताळ भागात दाट झाडी लावून ‘छोटं जंगल’ करावं, असं देणगीदार म्हणतात.

उत्तर : गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. चंडोल, टिटवी, लावे, गप्पीदास यांचं घर तेच आहे, आणि झाडं वाढली की त्यावर शिकारी पक्षी बसायला लागतात, मग जमिनीवर वीण करणारे निघून जातात. देणगीदारांना पार्किंगच्या कडेची पट्टी द्या. गवत विणीनंतर, वर्षातून एकदा, तीन भाग करून आळीपाळीने कापा. कापणी मधून बाहेरच्या दिशेने करत जा, म्हणजे आतले जीव कडेने निसटतात. बाहेरून आत आलात तर ते मध्ये कोंडून पात्याखाली येतात. कापलेलं गवत उचला, जाळू नका.

याच पत्रात वाळलेली झाडं तोडण्याविषयीही विचारलं आहे. तोडू नका. सुतारपक्षी आणि तांबट त्यांच्यात ढोली कोरतात, पुढे त्या मैना, पोपट, पिंगळे वापरतात. वाटेवर पडण्याची भीती असेल तर वरचा भाग उतरवून तीन-चार मीटरचं खोड उभं ठेवा.

प्रश्न : घरट्याच्या पेट्या किती लावू? दाणे घालू का?

उत्तर : ढोल्या असलेली जुनी झाडं असतील तर एकही नको. नसतील तर थोड्या लावा आणि दरवर्षी स्वच्छ करा. चिमणीसाठी भोक 32 मि.मी.; त्याहून मोठं केलं की मैना घुसते. फळी 15-20 मि.मी. जाड, आतून रंग नाही, तळाला पाण्यासाठी चार बारीक भोकं, तोंड दुपारच्या उन्हाच्या उलट. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. गव्हाणी घुबडाची पेटी वेगळी. तिच्यात भोकाच्या खालच्या कडेपासून तळ किमान 45 सें.मी. खोल हवा, नाहीतर चालू लागलेली पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर पडतात. पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या पेट्या उन्हात भट्टी होतात.

दाणे घालू नका. गर्दी होते, उंदीर येतात, आजार पसरतात. बदकांना पाव तर अजिबात नाही. न खाल्लेला पाण्यात कुजतो, आणि त्यातून पुढच्या प्रश्नातलं संकट जवळ येतं.

प्रश्न : गरमीत पाणी आटलं आणि बदकं मरू लागली. काही जिवंत होती, पण उडता येत नव्हतं, मान पाण्यात पडत होती. विषबाधा केली असेल का कुणी?

उत्तर : केली असेलही, पण लक्षणं बॉट्युलिझमची वाटतात. कुजणाऱ्या वनस्पती, साचलेलं कोमट पाणी, त्यात प्राणवायू नाही : अशा गाळात एक जिवाणू विष तयार करतो. आधी पंख लुळे पडतात, पक्षी पंखांनी वल्हवत पाण्यावर घसटत राहतो. मग मान धरवत नाही आणि तो बुडतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्यांच्यात विष साठतं, निरोगी बदक त्या अळ्या खातं. त्यामुळे प्रत्येक मृत पक्षी पुढच्यांचं मरण पेरत असतो. राजस्थानातल्या सांभर सरोवरात 2019 साली हजारो पक्षी असेच गेले.

पहिलं काम, पशुवैद्यकांना कळवून नमुने तपासून घेणं. बर्ड फ्लूही असू शकतो, म्हणून हातमोजे आणि मास्कशिवाय कशालाही हात लावायचा नाही आणि जागा त्याच दिवशी बंद करायची. दुसरं, सकाळ-संध्याकाळ मृत पक्षी उचलणं आणि अधिकारी सांगतील तसे पुरणं किंवा जाळणं. नावाड्याला झुडपांच्या बुडाशीही पाहायला सांगा, आजारी पक्षी तिथे शिरतात. सौम्य बाधा झालेले पक्षी सावलीत, ताज्या पाण्यावर ठेवले तर काही दिवसांत सुधारू शकतात.

पाणी हळूहळू उतरवा, असं वर सांगितलं त्याला इथे मर्यादा येते. उष्म्याच्या महिन्यांत काठ सुकवायचा आणि मग पुन्हा भिजवायचा, हे करू नका. कुजलेल्या गवतावर परत आलेलं पाणी या जिवाणूला हवं तेच देतं. त्या काळात पातळी एक तर स्थिर ठेवा, किंवा उथळ भाग पूर्ण कोरडा करून खोल भागात ताजं पाणी सोडा.

प्रश्न : छायाचित्रकार मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतात. नियम करावा का?

उत्तर : करा, फाटकावर ठळक लिहा. आवाज ऐकून नराला वाटतं हद्दीत प्रतिस्पर्धी आला. तो खाणं, पिल्लांना भरवणं सोडून त्याला शोधत फिरतो. एकाने पाच मिनिटं लावला तर निभावतं, रोज वीस जणांनी लावला तर ती जोडी जागा सोडते. घरट्यासमोरच्या फांद्या ‘मोकळ्या’ करणं याहून वाईट, कारण कावळ्यालाही तेवढंच स्पष्ट दिसू लागतं. घरट्याची जागा नोंदवहीत लिहा, भिंतीवरच्या फलकावर किंवा समाजमाध्यमांवर नको. ड्रोन बंद.

प्रश्न : गावातली मंडळी विचारतात, यातून आम्हाला काय मिळणार?

उत्तर : रास्त प्रश्न आहे आणि त्याला ‘पर्यटन’ हे एकच उत्तर देऊ नका. तमिळनाडूतल्या वेदांतंगळचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तलावातले पक्षी राखत आले, कारण विष्ठेने कसदार झालेलं ते पाणी त्यांच्या शेतांना खत होतं. 1798 साली त्यांनी तिथल्या कलेक्टरकडून पक्ष्यांसाठी लेखी संरक्षण मिळवलं. नागालँडच्या खोनोमा गावाने 1998 मध्ये स्वतःच शिकार बंद करून राखीव क्षेत्र घोषित केलं. दोन्हीकडे निर्णय बाहेरून आला नाही. तुमच्याकडे गवत कुणी कापायचं, मासेमारी कुठे आणि कोणत्या महिन्यांत, सरपण कुठून, हे उद्घाटनाआधी लिहून सह्या करा. फाटकाची किल्ली कुणाकडे, हेसुद्धा. वाद बहुधा त्यावरूनच सुरू होतात.

प्रश्न : पक्षी वाढले की कमी झाले, हे कसं कळणार? आमच्यात तज्ज्ञ कुणी नाही.

उत्तर : तज्ज्ञ नको, शिस्त हवी. एकमेकांपासून 200 मीटरवर पाच-सहा ठिकाणं पक्की करा, दगडाला रंग लावून. महिन्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, प्रत्येक ठिकाणी बरोबर दहा मिनिटं उभं राहायचं. पोचल्यावर आधी दोन मिनिटं नुसतं थांबायचं. मग दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी, संख्या, पाण्याची पातळी, हवा. नाव कळलं नाही तर ‘अनोळखी, चिमणीएवढा, पिवळं पोट’ असं लिहा. अंदाजाने नाव लिहू नका. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहायचं. शून्य गाळणारी वही पुढे फसवते.

हे उघडण्याच्या वर्षभर आधी सुरू झालेलं असेल तरच तुलनेला अर्थ. माणसं बदलली तरी ठिकाणं, वेळ आणि मिनिटं बदलू नका. दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मि.मी.) घ्या. 10 पटीची हातात जास्त हलते आणि नवख्याला पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, ते 2002 पासून चालू आहे. पण कागदी वही सोडू नका.

प्रश्न : आलेल्या मुलांनी जमिनीवरचं पिल्लू उचलून आणलं तर काय करायचं?

उत्तर : आधी पिसं पाहा. पिसं आलेली, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारत असेल तर ते घरट्यातून स्वतःहून उतरलं आहे. आई-बाप जवळपास चारा घेऊन थांबलेले असतात. जिथून उचललं तिथेच, कुत्र्या-मांजरापासून आडोशाच्या फांदीवर ठेवा आणि तीस-चाळीस मीटर मागे सरका. उघडं-नागडं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. घरटं सापडलं नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवून पक्षी-उपचार केंद्राला कळवा. तोपर्यंत पाणी किंवा दूध चोचीत घालू नका, ते थेट श्वासनलिकेत जातं.